लँडिंग म्हणजे मासळी उतरवणं

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "विमाक्षेत्रातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं. हो म्हणायची मला जुनी सवय आहे, आणि लिहायचं आहे ते त्या सवयीबद्दलच. गंमत एक आहे, ती देतो. बाकीचं हलकं नाही. ते आजवर मी बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नाही.

विम्यात होतो म्हटलं की रत्नागिरीत लोक जरा मागे सरकतात. हा आता गळ्यात पॉलिसी घालणार! मी जन्मात कुणाला पॉलिसी विकली नाही. मुंबईत ज्या कंपनीत उमेदीची वर्षं काढली, ती विमा विकत नव्हती. ती विमा कंपन्यांना अंदाज विकायची. दहशतवादी हल्ला झालाच तर कुठे होईल, कसा होईल, आणि नुकसानभरपाई म्हणून किती मोजावं लागेल, याचे अंदाज. त्यावरून विमा कंपन्या ठरवायच्या की कुणाची जोखीम घ्यायची, कुणाला हप्ता वाढवून सांगायचा आणि कुणाला नम्रपणे दार दाखवायचं.

बाहेरच्या माणसाला हे सगळं फार गूढ वाटतं. गूढ काही नाही. आगीचा विमा असतो तेव्हा कंपनीकडे जुन्या आगींचा इतिहास असतो. वादळाचं तसंच. वादळाला डोकं नसतं. ते आपल्या वाटेने येतं, आपण भिंत बांधली म्हणून वाट बदलत नाही. दहशतवाद्याला डोकं असतं. एका इमारतीवर पहारा बसवला की तो पहारा नसलेली शोधतो. शिवाय असे हल्ले, सुदैवाने, इतके थोडे की त्यांच्यावरून सरासरी काढायची म्हणजे दोन पाहुण्यांवरून अख्ख्या गावाचा स्वभाव सांगण्यासारखं. परदेशातल्या बड्या कंपन्यांनी एकदा या जोखमीतून सरळ अंग काढून घेतलं होतं, ते उगीच नाही. मग आपल्याकडच्या कंपन्यांनी एकत्र येऊन सामायिक निधी उभारला. पण निधीत किती पैसे घालायचे हे ठरवायलाही अंदाज लागतोच, आणि निधीच्या वर जी जोखीम उरते तिला तर लागतोच लागतो. तिथे आमचं दुकान.

'किती नुकसान' हा भाग प्रामाणिक होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. नकाशावर एक ठिपका धरायचा, एवढ्या ताकदीचा स्फोट इथे झाला असं मानायचं, आणि त्याभोवती वर्तुळं काढायची. आतल्या वर्तुळातल्या इमारती जमीनदोस्त, पुढच्या वर्तुळात भिंतींना तडे, त्याच्या पुढे फक्त काचा. मग त्या वर्तुळांत त्या विमा कंपनीकडे विमा असलेल्या इमारती किती, माल किती, धंदा बंद राहिला तर तोटा किती, हे मोजायचं. एकाच वर्तुळात फार गर्दी झाली असेल तर म्हणायचं, बाबांनो, इथे आता नवीन गिऱ्हाईक घेऊ नका, एका दणक्यात बुडाल. हे इंजिनीअरांचं काम. चोख.

खोट होती 'कुठे'मध्ये. ठिपका कुठे धरायचा?

त्यासाठी जाणकारांची बैठक बसायची. निवृत्त सुरक्षा अधिकारी, प्राध्यापक, परदेशातून आलेला एखादा पाहुणा. प्रत्येकाला विचारायचं, ही जागा हल्लेखोराला किती 'आकर्षक' वाटेल? गुण द्या. त्या गुणांची बेरीज-वजाबाकी व्हायची, ती संगणकात जायची आणि बाहेर येताना दशांश चिन्हासकट यायची. अंदाजाला हिशेबाने गुणलं की उत्तर हिशेबासारखं दिसतं, एवढीच काय ती जादू.

माझे वडील आमच्या गावच्या ग्रामदेवीचे गुरव. कोकणात कौल लावतात ते वाचकांना ठाऊक असेलच. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्यांदा ती जाणकारांची बैठक पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, इथेही कौलच लावतायत, फक्त वातानुकूलित गाभाऱ्यात. एक फरक मात्र होता, तो मला फार उशिरा कळला. बाबांची पाकळी कधी कधी पडायचीच नाही. तासभर लोक ताटकळलेले, कुणाला जमिनीचा निकाल हवा, कुणाला मुलीच्या स्थळाचा. बाबा शांतपणे म्हणायचे, "देवी बोलत नाय. उद्या या." आमचं संगणकातलं मॉडेल असं एकदाही म्हणालं नाही. त्याला विचारलं आणि ते बोललं नाही असं झालंच नाही.

आता ती गंमत. मुंबईतल्या एका टोलेजंग व्यापारी इमारतीच्या मालकाला त्याच्या विमा कंपनीने आमचे गुण दाखवले. इमारतीला कमी गुण होते, म्हणजे हल्ल्याचा धोका कमी, म्हणजे हप्ता कमी. पेढे वाटायचे सोडून गृहस्थ तावातावाने आमच्या ऑफिसात आले.

"शेजारच्या टॉवरला जास्त आणि आम्हाला कमी? कोणी दिले हे गुण?"

मी म्हटलं, "शेठ, कमी असलेलेच चांगले."

"चांगले काय? आमच्याकडे दोन वकिलाती भाड्याने आहेत! लॉबीत इटलीचा दगड आहे! त्यांच्याकडे काय आहे? खाली वडापावचं दुकान!"

शेवटी त्यांच्या आग्रहाखातर आम्ही फेरविचार केला. वकिलातींची नोंद खरोखरच राहून गेली होती. गुण वाढले, हप्ता वाढला, आणि शेठ पुन्हा कधी आमच्याकडे फिरकले नाहीत. हा किस्सा मी पार्ट्यांमध्ये पुष्कळदा सांगितला आहे. लोक हसतात. सांगताना मी ज्यावरून पांघरूण काढत नव्हतो ते असं: मोठ्या माणसाने आरडाओरडा केला तर गुण बदलतात, हे मला त्या दिवशी समजलं होतं.

समुद्रातून हल्ला होऊ शकतो हे देशाने पाहिल्यानंतर किनाऱ्यासाठी वेगळं मॉडेल हवं झालं. हल्लेखोर बोटीतून कुठे उतरतील, तिथून मोठ्या लक्ष्यापर्यंत कसे जातील, वाटेत काय काय सापडेल. आमचे साहेब, त्यांना इथे नुसतं साहेबच म्हणतो, मोठ्या उत्साहात होते. बैठकीत पडद्यावर कोकणचा नकाशा आला. त्यावर लाल ठिपके. केळशी लाल, बुरोंडी लाल, खाली सरकत रत्नागिरीच्या आसपासची बंदरं लाल. आमचं गावही. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्याला एकदा नकाशावर चिकटवून झालं आहे, तेवढं पुरे. राजापूर तेवढं हिरवं, नदीतून आत असल्याने अगदी निर्धास्त.

"हे ठिपके कशावरून?" प्राध्यापकांनी विचारलं.

"अधिकृत यादी आहे," सल्लागार म्हणाले. हे एक निवृत्त अधिकारी, आवाज भारदस्त. "किनाऱ्यावरची सगळी लँडिंगची ठिकाणं."

ती यादी मी ओळखली. मासेमारीच्या कागदपत्रांत 'फिश लँडिंग सेंटर' असतं, म्हणजे होड्यांतून मासळी उतरवायची जागा. आमच्याकडे बायकासुद्धा म्हणतात, "आज लँडिंग काय नाय," म्हणजे आज मासळी आली नाही. कुणा पोरसवदा कर्मचाऱ्याने रकाना उचलताना 'फिश' गाळलं होतं, आणि साहेब लोकांनी मासळीच्या जागी दहशतवादी उतरवले होते.

आणि जागा कसली, तर किनाऱ्यावरची सगळ्यांत गजबजलेली! पहाटे तिथे लिलाव चालू असतो. टोपल्या, बर्फ, टेम्पो, कुत्री, कावळे, आणि ओरडणाऱ्या बायका. अनोळखी माणूस धक्क्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच कुणीतरी विचारतंच, "कोनाचा रे तू?" चोरून उतरायला सबंध कोकणात याहून वाईट जागा नाही.

तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. "विनायक, तू तर तिथलाच. बरोबर आहेत ना ही लँडिंगची ठिकाणं?"

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. त्या टेबलाशी मला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती. एरवी मी भिंतीकडेला बसायचो.

मी मान हलवली.

पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःला समजावत आलो की मान मी जरा आडवी हलवली होती, त्यांनी तिचा होकार करून घेतला. खोटं आहे. ती उभीच हलली होती. 'लँडिंगची ठिकाणं' म्हणून ती बरोबर होतीच की, असा एक शहाणपणाही मी मनात करून ठेवला. पाकळी पडली नव्हती. मी फुंकर मारून पाडली.

सल्लागार म्हणाले, "झालं. स्थानिक दुजोरा."

त्यानंतर त्याच लाल ठिपक्यांना आणखी एक रकाना जोडला गेला: 'स्थानिक पाठबळाची शक्यता'. तो कशावरून भरला हे मला विचारू नका, किंवा विचाराच. वस्तीत कोण राहतं यावरून भरला. तसं कोणी बोललं नाही. सभ्य लोक असं बोलत नाहीत. "आखाती देशांशी संपर्क," असं म्हणाले. आमच्या गावातून आखातात जातात ते वायरमन, कुक आणि ड्रायव्हर. पाठवतात ते घराच्या स्लॅबसाठी पैसे आणि आईसाठी मिक्सर. या माणसांना त्यांच्या मेहनतीच्या जागेवरून संशयाचे गुण देणाऱ्या त्या सुशिक्षित टेबलाची मला आज किळस येते. त्या टेबलाशी मी चहा पीत बसलो होतो, याची जास्त येते.

इसाकचाचा आमच्या गावचे. धक्क्याजवळ त्यांचा बर्फाचा कारखाना. शिमग्याला देवीची पालखी निघाली की सरबताचा बर्फ त्यांच्याकडून यायचा, आणि बाबा पहिला नारळ त्यांच्या घरी पाठवायचे. वर्षानुवर्षं बर्फ विकून चाचांनी शीतगृह बांधायला घेतलं. मासळी स्वस्तात विकून टाकायच्या ऐवजी साठवता आली असती. चाचांचीच नव्हे, गावातल्या सगळ्या होड्यांची. मशीन आलं, भिंती उभ्या राहिल्या. बँक म्हणाली, कर्जाचा शेवटचा हप्ता सोडतो, पण विमा पूर्ण हवा, दहशतवादाच्या संरक्षणासकट.

चाचांची मुलगी रुबीना हिशेब बघायची. तिचा मला मुंबईत फोन आला.

"विनूदादा, विमा मिळत नाहीय. तिसरी कंपनी झाली. काय कारण ते कोणी सांगत नाही. तू त्याच लाइनीत आहेस ना?"

कारण मी तिचं बोलणं संपायच्या आधीच ओळखलं होतं. तिन्ही कंपन्या आमचाच नकाशा वापरत होत्या.

"कंपनीचं धोरण असतं गं काहीतरी," मी म्हटलं.

"धोरण कोण ठरवतं?"

"मॉडेल असतं एक."

"मॉडेल म्हणजे कोण?"

मग तीच म्हणाली, "दादा, आडनाव बघून नाही ना?"

"छे! असं कसं असेल," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की तिला काय समजायचं ते समजलं असणार.

त्या वेळी मात्र मी साहेबांकडे गेलो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. फार जड नाही, पण आहे. दार लावून घेतलं आणि सांगितलं की लँडिंग म्हणजे मासळी उतरवणं. ते आधी हसले. मनापासून हसले. मग गंभीर झाले.

"मॉडेल पुनर्विमा कंपन्यांनी मान्य केलंय, विनायक. आता एक रकाना चुकला म्हटलं तर ते विचारतील, बाकीचे कशावरून बरोबर? पुढच्या आवृत्तीत बघू." मी दाराशी पोचल्यावर म्हणाले, "आणि दुजोरा तूच दिला होतास, नाही का?"

पुढची आवृत्ती आली. रकान्याचं नाव बदललं होतं. 'लँडिंग'च्या जागी 'किनारी प्रवेशक्षमता'. आकडे तेच, ठिपके तेच. आता तर चूक दाखवायला शब्दही उरला नव्हता! शेठच्या दोन वकिलातींसाठी एका दुपारीत आकडे हलले होते. इथे अख्खा किनारा चुकलेला, तर म्हणे पुढच्या आवृत्तीत. संताप आला होता मला. पण तो संताप मी डब्यासारखा घरी घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत ऑफिसात आणला.

चाचांचं शीतगृह अर्धवट अवस्थेत एक पावसाळा उभं राहिलं. खाऱ्या हवेत मशीन गंजायला लागलं. बँकेचा तगादा. शेवटी बाहेरच्या एका मोठ्या मासळी निर्यात कंपनीने ते विकत घेतलं, पडेल भावात. त्यांच्या विम्याचा प्रस्ताव अंदाजासाठी योगायोगाने माझ्याच टेबलावरून गेला. तेच गाव, तोच धक्का, त्याच भिंती. मंजूर! कारण त्यांची गोदामं देशभर पसरलेली; एक लाल ठिपका चाळीस हिरव्यांत विरघळून गेला. आमच्या शास्त्राप्रमाणे हे अगदी बरोबर आहे. पसरलेली जोखीम हलकी होते. म्हणजे ज्याची एकच भिंत आहे त्याच्या वाट्याला सगळी भीती, आणि ज्याच्या अनेक आहेत त्याला ती माफ. हे शास्त्र मी तरुण पोरांना शिकवलं आहे. मार्करने फळ्यावर आकृती काढून.

नोकरी सोडून रत्नागिरीला परत आलो तेव्हा लोकांना सांगितलं, मुंबईचा कंटाळा आला. बाबा तोवर गेले होते. गावी जायला मी टाळत होतो. शेवटी यंदा, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून समुद्र उघडल्यावर, एका सकाळी गेलो. धक्क्यावर लिलाव रंगात आला होता. पँट वर करून पाण्यातून वाट काढत होतो तोच बर्फाच्या पेटीवर बसलेली एक म्हातारी ओरडली, "ओ शेट! कोनाचा रे तू?"

मी जिथल्या तिथे थांबलो. ओळख पटेना म्हणून तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "गुरवाचा."

"गुरवाचा? मंग जा की. मना वाटलं मासळीचा भाव पाडायला आलेला हायस."

बायका हसल्या. मला जाऊ दिलं.

चाचा शीतगृहाच्या सावलीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. रुबीना आता आत, त्याच शीतगृहात, नोकरी करते, वजनकाट्यावर. तिने मला लांबून पाहिलं, मान डोलावली आणि कामाला लागली.

"विनू! कवा आयलास? बस. गुरवदादा गेले तसा तू फिरकलाच नायस."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. नकाशा, यादी, टेबल, मान. चाचा ऐकत होते. लँडिंगचा घोटाळा कळला तेव्हा त्यांना हसू आवरेना. त्यांनी पलीकडच्या होडीवरच्या तांडेलाला हाक मारली. "अरे ऐकलंस? आपली बांगड्याची लँडिंग, तर हे समजले बंदूकवाले उतरतात!" तांडेल म्हणाला, "बंदूकवाल्याला पण दहा टक्के दलाली द्यायला लागली असती इथं." दोघे खो खो हसले.

मग चाचांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी शीतगृहाच्या भिंतीला हात लावला. आतल्या गारव्याने ती ओलसर झालेली होती.

"आता बदल्लान का तो शब्द?"

"शब्द बदलला. ठिपके नाही."

"म्हंजे शेजारच्या हसनच्या पोराने आता बर्फाचा कारखाना काढायचा म्हटला तर?"

"त्यालाही विमा मिळणार नाही," मी म्हटलं.

"मंग मना कशाला सांगतोस?" चाचांचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो चढलेला ऐकला. "माझा गेला तो गेला. मना सांगून तुझं पोट हलकं झालं, हसनच्या पोराचं काय झालं? ज्यांच्यासमोर मान हलवलीस त्यांच्यासमोर सांग. इथं माफी मागायला आयलास होय? इथं भाव विचार, पापलेट घे आन् जा."

मी उठलो. पापलेट घेतलं नाही, तेवढीही हिंमत नव्हती.

रत्नागिरीला येऊन जुन्या ऑफिसात फोन लावले. साहेब निवृत्त झालेत, त्यांना घरी गाठलं तर म्हणाले, "जुनं उकरून काय मिळणार?" त्यांच्या जागेवरचा तरुण अदबीने बोलला. म्हणाला, "सर, मॉडेल प्रमाणित आहे. आणि फाइलमध्ये स्थानिक दुजोरा आहे."

स्थानिक दुजोरा. म्हणजे मी. मी तिथून निघून आलो, पण माझी मान अजून त्या टेबलाशी बसून हलते आहे. कुणी शीतगृह काढतो, कुणी जाळी दुरुस्तीचं वर्कशॉप, कुणी साधं बर्फाचं मशीन. त्या प्रत्येकाच्या अर्जावर ती हलते.

म्हणून गमतीजमतींच्या जागी हे. दिवाळी अंक मुंबईतल्या त्या इमारतींमध्येही जातात, लिफ्टबाहेरच्या टेबलांवर पडलेले मी पाहिलेत. त्यांतला हा कुणी उचलला आणि तो कोकणच्या नकाशाशी बसणारा असेल, तर त्याच्यासाठी सगळ्यांदेखत लिहून ठेवतो. लँडिंग म्हणजे मासळी उतरवणं. तुम्ही ज्याला स्थानिक दुजोरा म्हणता तो माणूस मी आहे. तुम्ही विचारलं होतंत, बरोबर आहेत ना ही ठिकाणं?

नाही.